आई म्हणजे तिथे

रुंजीने "आई" म्हटलं आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर धावले. आमच्या घरात हे रोजचंच. मूल साडेतीन वर्षांचं असलं की त्या एका हाकेत पडले, भूक लागली, मुंगी चावली, चित्र बघ, यातलं काहीही असू शकतं, आणि काय आहे ते कळायला धावावंच लागतं. त्या दिवशी मात्र तिने माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली बोट दाखवत होती. तिथे तिची हरवलेली चप्पल होती.

"आई," ती पुन्हा म्हणाली. चपलेकडे बघून.

"काय गं? काय झालं?"

तिने वर पाहिलं. "तू का आलीस?"

"तू हाक मारलीस ना?"

"मी नाही मारली," ती म्हणाली, चप्पल ओढून घेतली आणि निघून गेली.

उरलेली कणीक मळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खोटं बोलत नव्हती. तिने मला हाक मारलीच नव्हती. ती स्पॅनिशमध्ये "तिथे" म्हणत होती.

आमच्या घरात स्पॅनिश शिरलं ते माझ्या नवऱ्यामुळे. सुजय द्राक्षबागांचा तज्ज्ञ. चिलीतला उन्हाळा दर वर्षी वाढत चालला, तसे तिथले मळेवाले उन्हात बाग जगवायची आपल्याकडची छाटणी शिकवणारी माणसं शोधू लागले, आणि नाशिकहून जी काही मंडळी गेली त्यांत सुजय होता. तो पुढे गेला होता. उन्हाळ्यात मी, रुंजी आणि माझे सासरे, आम्ही तिघं जाणार होतो. रुंजीला तिथल्या बालवाडीत जायचं होतं. म्हणून सुजयने जायच्या आधीच घरात 'ठाव' बसवून घेतलं.

ठाव हे यंत्र पुण्यातल्या एका कंपनीचं. त्यामागची कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हाच पटली होती. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. कुठलीही गोष्ट बशीत वाढताना दिसल्याशिवाय मी सहसा विश्वास ठेवत नाही. पण हे साधं होतं. मूल वस्तूंची नावं पटापट शिकतं. वाटी, चमचा, चेंडू. "खाली", "मागे", "आत" हे शब्द मात्र उशिरा येतात, कारण त्यांना हात लावता येत नाही. वाटी दाखवता येते. "खाली" कसं दाखवणार? ते दोन वस्तूंमधलं नातं असतं. उलट, एकदा हे जागेचे शब्द बसले की बाकीची भाषा त्यांच्यावर अडकत जाते, भिंतीत खुंट्या ठोकल्यावर कपडे अडकवावेत तशी.

खुंट्या ठोकायच्या कधी, हा खरा शोध. मेंदूत खोलवर, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक भाग असतो. आपण कुठे आहोत आणि वस्तू कुठे आहेत याचा नकाशा तिथे तयार होतो. माणूस काही शोधायला लागला की त्या भागात एक ठरावीक लय सुरू होते. वस्तू दिसण्याच्या अगदी आधी, सापडलं सापडलं असं वाटतं त्या क्षणी, ही लय टिपेला जाते, आणि तेव्हा कानावर जे पडेल ते कायमचं बसतं. ठाववाले त्याला शोधक्षण म्हणतात. कानामागे चिकटवलेला मुगाएवढा मणी ही लय टिपतो, छताच्या कोपऱ्यांतले छोटे डोळे मुलाची नजर कुठे चालली आहे ते पाहतात, आणि बरोबर त्या क्षणी मणी कानात एकच शब्द कुजबुजतो. चेंडू पलंगाखाली दिसणार, इतक्यात: देबाखो. खाली. कुणी शिकवलं, कधी शिकवलं, मुलाला पत्ताच नसतो.

दोन आठवड्यांत रुंजी घरभर बाणासारखी फिरायला लागली. "दोंदे एस्ता" म्हणजे कुठे आहे. एन्सिमा म्हणजे वर. देत्रास म्हणजे मागे. आणि आपल्याकडे जिथे "इथे" आणि "तिथे" या दोनांवर भागतं, तिथे त्यांचे तीन शब्द. माझ्याजवळ इथे, ते आकी. तुझ्याजवळ किंवा थोडं पुढे तिथे, ते आई. आणि पार तिकडे लांब, ते आया.

"म्हणजे जवळ असली तर आई, लांब गेली की आया," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे की. चुकलं काय त्यांचं?"

अण्णा माझे सासरे. पिंपळगावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या, त्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. काचबिंदूने त्यांची नजर चहूबाजूंनी आत ओढत आणली आहे. त्यांना जग नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरच्या माणसाचं नाक दिसतं पण शेजारची खुर्ची दिसत नाही. त्यामुळे त्यांच्या वस्तू शोधून देणं हे रुंजीचं काम. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. चालायला लागल्यापासून तिने ते आपल्याकडे घेतलं होतं.

"चष्मा कुठंय गं माझा?" अण्णा विचारत.

"देत्रास," रुंजी सांगे.

"घ्या. मी मागतोय चष्मा, ही म्हणते दे त्रास. अगं, मी तुला कधी दिला त्रास?"

ती खिदळत टीव्हीच्या मागून चष्मा आणून देई, आणि अण्णा तो पुन्हा कुठेतरी ठेवून देत, मुद्दाम.

"आणि हा दोंदे कोण? दिवसभर त्याला कशाला हाका मारते?" ते मला म्हणाले. "आमच्या शाळेत दोंदे म्हणून गणिताचे मास्तर होते. त्यांचं नाव काढलं तरी पोरं बाकाखाली शिरायची. ही दोंदे दोंदे करायला लागली की मला वाटतं आले मास्तर, पाढे म्हणा."

आम्ही हसायचो. मी हसताना तिच्याकडे पाहत असायचे, ती माझी सवयच आहे. पाहता पाहता माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती रुंजीबद्दल नव्हती. माझ्याबद्दल होती. "आई" ऐकून मी आता उठत नव्हते. दिवसभर तो शब्द घरात इतक्या वेळा पडायचा, आणि बहुतेक वेळा तो एखाद्या मोज्यासाठी किंवा गाडीसाठी असायचा, की माझ्या कानांनी तो सोडून द्यायला सुरुवात केली होती.

मग एका दुपारी ती न्हाणीघरातल्या स्टुलावरून पडली. "आई" ऐकू आलं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. पुन्हा आलं. काहीतरी सापडलं असेल. तिसऱ्यांदा आलं ते रडण्यासकट, तेव्हा मी उठले. हनुवटीवर खरचटलं होतं, एवढंच. मी तिला उचलून घेतलं तेव्हा तिने विचारलं, "मी हाक मारली. तू ऐकली नाहीस?"

त्या संध्याकाळी मी ठावच्या तज्ज्ञांशी बोलायची वेळ घेतली.

डॉ. हर्षदा गुळवणी भिंतीवरच्या पडद्यावर आल्या. माझ्याच वयाच्या असतील, केस घाईत बांधलेले. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, म्हणजे त्याही घरूनच बोलत होत्या. मला बरं वाटलं.

"मराठी घरांमध्ये हे होतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला माहीत आहे."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"पुस्तिकेत आहे, मॅडम. शेवटच्या पानावर." त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच म्हणाल्या, "बारीक अक्षरात आहे, मान्य. बघा, आवाज एक आणि अर्थ दोन, याने मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. 'कर' म्हटलं की हात, टॅक्स की काम कर, हे तुम्हाला बरोबर समजतं. पण रुंजीचे दोन्ही शब्द अजून ओले आहेत. त्यातला 'तिथे'वाला आई शोधक्षणी पडतो, म्हणजे सगळ्यात सुपीक जागेत. तुमचा आई एरवी पडतो."

"माझा आई," मी म्हटलं.

"शब्द म्हणतेय मी."

"कळलं. आता मला एक सांगा. ती घाबरली, हरवली, कुठे अडकली, आणि तिच्या तोंडून आई निघालं, तर ते कुठलं असेल? मला बोलावत असेल, की नुसतं बोट दाखवत असेल?"

"ते आम्हाला माहीत नाही. घाबरलेल्या मुलांवर प्रयोग करत नाही आम्ही. करूही नयेत."

हे उत्तर मला आवडलं.

दोन पर्याय होते. पहिला, स्पॅनिश "आई" काढून टाकायचा. पण तो तिघांतला मधला शब्द. तो उपटला की आजूबाजूचे दोन ढिले होतात, सगळं पुन्हा बसवावं लागतं, आणि आमच्या जाण्याआधी ते जमणार नव्हतं. दुसरा, रुंजी मला ज्या शब्दाने हाक मारते तो बदलायचा. तेही मणीच करून देणार होता. मी दिसले की कानात नवा शब्द, असं काही दिवस.

"नवा कुठला?"

"मामा," डॉ. गुळवणी म्हणाल्या. "स्पॅनिशमध्ये आईला मामा म्हणतात. शेवटच्या मा-वर जोर द्यायचा. बहुतेक घरं हेच घेतात. सोमवारपर्यंत कळवा."

पडदा बंद झाला. मागून अण्णांचा आवाज आला. "अभिनंदन. माझ्या घरची सून आजपासून माझ्या नातीचा मामा."

मला हसू आलं आणि रडूही. रुंजी टेबलाखाली बसून खडूचा डबा शोधत होती. "आई," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. डबा होता.

सुजयची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. तो चहाचा कप घेऊन पडद्यावर आला, मागे वेलींच्या रांगा. मी सगळं सांगितलं.

"नुसता शब्द आहे गं, शलाका."

"मग तू हो तिचा मामा. मी बाबा होते."

"चिडू नकोस. तिकडे सगळी पोरं मामाच म्हणतात."

"आणि माझा भाऊ आला की त्याला काय म्हणेल ती? त्याला पण मामा? मग आम्ही दोघं एकदम वळून बघायचं?"

तो हसला, मग त्याने कप खाली ठेवला. "ऐक. इथे आलो त्या आठवड्यात मी दुकानात मीठ शोधत होतो. सगळ्या दुकानात फिरलो. मीठ हा शब्द मला येत होता, पण ती बाई सांगायची ते कळत नव्हतं. ती काउंटरच्या मागून हात करून म्हणत होती, आई, आई. मला आधी वाटलं हिला काही होतंय. मग मला आपली आई आठवली. भर दुकानात. मोठा बाप्या मी, मिठाच्या पुड्यासमोर डोळे पुसत उभा." मग तो म्हणाला, "रुंजी साडेतीन वर्षांची आहे. तिला पहिल्या दिवशी संडास कुठे आहे हे कळलं नाही, तर ती काय करेल? मला तिचं तसं व्हायला नकोय. बाकी तू ठरव. घरात तिला बघतेस तू."

भांडणासाठी मी जे काही जमवून ठेवलं होतं ते सगळं गळून पडलं. त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मला माझ्या लेकीला परक्या गावात हरवू द्यायचं नव्हतं, आणि इथे घरातही हरवू द्यायचं नव्हतं. सोमवारी काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं.

त्याआधीच्या रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर द्राक्षबागायतदारांचं प्रदर्शन होतं. अण्णांना जायचं होतं. परदेशी निघण्याआधी शेवटचं प्रदर्शन, असं त्यांचं चाललं होतं. दुपारी आम्ही तिघं गेलो. सगळा निफाड तालुका लोटला होता. डोक्यावरून फवारणीची ड्रोन घोंघावत जात होती. दोरीने आखलेल्या मोठ्या रिंगणात माणसाशिवाय चालणारे ट्रॅक्टर गोल गोल फिरत होते, आणि दर थोड्या वेळाने कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं, लहान मुलांना दोरीच्या आत सोडू नका.

अण्णा ठिबकच्या स्टॉलवर खुर्चीत बसले, सरबत प्यायले, विक्रेत्याला तो सांगत होता त्याहून जास्त माहिती सांगितली. मग आम्ही पुढे निघालो. माझ्या एका हातात अण्णांचा दंड, दुसऱ्या हातात रुंजीचं बोट. गर्दीतून रोपवाटिकांच्या रांगेपर्यंत आलो आणि अण्णा थांबले.

"काठी कुठंय माझी?"

मी अण्णांचं पाऊल सावरलं, मागे वळून पाहिलं, आणि मग कळलं की माझा दुसरा हात रिकामा आहे.

ते नेमकं कधी झालं हे मी अजूनही सांगू शकत नाही. बोट सुटलेलं हाताला जाणवलंच नाही. मी "रुंजी" म्हणून ओरडले. लोकांनी पाहिलं आणि वाट दिली, पण वाटेत रुंजी नव्हती. अण्णांना एका स्टॉलच्या खांबाशी उभं केलं, "इथून हलू नका" म्हटलं आणि मागे धावले. ठिबकचा स्टॉल. तिथे खुर्ची होती, काठी नव्हती, रुंजी नव्हती. विक्रेता कुणा नव्या माणसाला माहिती सांगत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या रिंगणाकडे धावले. दोरीच्या पलीकडे यंत्रं आपली फिरत होती, शांतपणे, कुणाकडेही न बघता. तिथे नव्हती. इथून तिथून लहान मुलांचे आवाज येत होते, आणि प्रत्येक मूल आपापल्या आईला हाक मारत होतं. मैदानभर आई, आई, आई. आणि मला ते ऐकता येत नव्हतं. ज्या शब्दाकडे मी घरात लक्ष देणं सोडलं होतं, तोच आता कुठल्या बाजूने येईल म्हणून मी उभी होते, आणि तो सगळ्याच बाजूंनी येत होता.

कर्ण्यावर खताची जाहिरात थांबली. एक बाई बोलायला लागल्या. "...सापडलेली आहे. दोंदे परिवाराने स्वागत मंडपात यावं. दोंदे परिवार."

मी परत अण्णांकडे आले. ते खांबाला धरून होते, चेहरा पांढरा पडलेला. "आणखी कुणाची तरी हरवलीय वाटतं," ते म्हणाले. "दोंद्यांची."

"हो," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मास्तर," अण्णा म्हणाले.

मी धावले. अण्णाही आले, काठीशिवाय, माझ्या पाठीचा पदर धरून, वाटेत येईल त्याला "सरका, नात आहे माझी" म्हणत.

स्वागत मंडपासमोर दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे टेबल. टेबलावर रुंजी बसली होती. पिवळा झगा, पायांना माती, आणि हातात अण्णांची काठी, तिच्यापेक्षा दीडपट उंच, भाल्यासारखी उभी धरलेली. शेजारी गुलाबी साडीतल्या एक बाई माईक घेऊन उभ्या होत्या. रुंजीला मी दिसले. तिने मोकळ्या हाताचं बोट माझ्याकडे केलं आणि त्या बाईंना सांगितलं:

"आई."

तिथे. एखादी वस्तू सापडावी तसं. तिचा आवाज शांत होता. मला वाटलं, झालं. हरवली, घाबरली असेल, आणि माझ्या नावाचं हे एवढंच उरलं. मी दोरीखालून वाकत होते तेव्हा काठी टेबलावरून खाली पडल्याचा आवाज आला. वर पाहिलं तर तिचं बोट मिटलं होतं. दोन्ही हात वर उचललेले होते, पंजे पूर्ण उघडे, आणि तोंड रडायला वाकडं झालेलं.

"आई."

आवाज तोच. अक्षर तेच. मी शपथेवर सांगते, यंत्रालाही फरक कळला नसता. पण महिनाभर मी कानांनी ऐकत बसले होते आणि हातांकडे पाहिलंच नव्हतं. "तिथे" म्हणताना ती बोट दाखवते. मला हाक मारताना ती बोट कधीच दाखवत नाही. दोन्ही हात वर करते, आणि ते मी उचलेपर्यंत खाली येत नाहीत.

मी उचललं. ती माझ्या मानेला घट्ट चिकटली.

"दोंदे मॅडम ना?" गुलाबी साडीतल्या बाईंनी विचारलं. "या बसा. पाणी घ्या आधी."

"आम्ही बोरस्ते."

"मग ही का दोंदे दोंदे करते? मी विचारलं नाव काय, तर दोंदे. आई कुठंय, तर दोंदे. मी आपली मघापासून दोंद्यांना हाका मारतेय. एक दोंदे आले बी होते. म्हणाले, बाई, माझी पोरगी कॉलेजला आहे, तिला कशाला हरवता."

"ती 'कुठे आहे' असं विचारत होती. स्पॅनिशमध्ये."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आणि ही काठी? सोडतच नाही. मी घ्यायला गेले तर मलाच बोलली."

रुंजीने माझ्या खांद्यावरून मान वर केली. नाक ओढत, पण पुरत्या मानाने तिने अण्णांना सांगितलं, "काठी खुर्चीच्या देत्रास होती. मी आणली. मग तुम्हीच हरवलात."

अण्णांनी वाकून चाचपडत काठी उचलली. "खरंय," ते म्हणाले. "आम्हीच हरवलो होतो. दिला तुला त्रास."

सोमवारी मी डॉ. गुळवणींना सांगितलं की काहीही बदलायचं नाही. ना त्यांचा शब्द, ना माझा.

"गोंधळ राहील, मॅडम."

"तिला गोंधळ नाहीये. मला होता." मी त्यांना हातांचं सांगितलं. त्या पुढे झुकल्या आणि विचारलं, छतावरच्या डोळ्यांतलं जुनं चित्रण बघायला आमची परवानगी आहे का. मी हो म्हटलं. काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. पहिल्या दिवसापासून तसंच होतं. "तिथे"ला बोट, मला दोन हात. न्हाणीघरात चित्रण नव्हतं, पण तिथेही तिचे दोन्ही हात वर होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पुढे लिहिलं होतं की त्यांच्या घरातही एक दोन वर्षांचा मुलगा आहे आणि आता त्या त्याच्या हातांकडे बघतात.

मी मात्र एक बदल केला. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मी मणी काढून डबीत ठेवायला लागले, आणि आमचा शोधायचा खेळ आमच्या शब्दांत खेळायला लागले. फडताळात, ओट्याखाली, पायपुसण्याच्या अलीकडे, कुंडीच्या पलीकडे. अलीकडे-पलीकडे तिला फार आवडलं. स्पॅनिशमध्ये यांना असे नेमके शब्द नाहीत म्हणे. सुजयने तिथे कुणाला तरी विचारून सांगितलं. अण्णा मात्र उलट्या बाजूने निघाले. ते म्हणाले, तिकडे गेल्यावर माझा चष्मा कुठंय हे मला विचारता यायला हवं, आणि सकाळपासून "दोंदे एस्ता चश्मा" म्हणत घरात फिरायला लागले. रुंजी त्यांचे उच्चार दुरुस्त करायची. कडक मास्तर होती.

बालवाडीचा पहिला दिवस. चिलीत तेव्हा हिवाळा होता आणि बालवाडीच्या फाटकावर धुकं. बाईंचं नाव पाओला; हिरवा एप्रन, मोठा आवाज, मुलांच्या उंचीला वाकून बोलणाऱ्या. मी फाटकाच्या अलीकडे उभी होते, अण्णा शेजारी, सुजय गाडी लावायला गेलेला. आई-वडिलांनी आत यायचं नाही, असा नियम. रुंजी एकटी चालत गेली. दप्तर कुठे टांगायचं ते बाईंनी सांगितलं, तिने पाहिलं, खुंटी ओळखली, बरोबर अडकवलं. मग पाओला बाईंनी काहीतरी विचारलं. त्यातला एक तुकडा मला स्पष्ट ऐकू आला. दोंदे एस्ता तु मामा?

"आले मास्तर," अण्णा पुटपुटले.

रुंजी वळली. धुक्यातून तिने फाटकाकडे पाहिलं, मला शोधलं, आणि मी नुसती बघत राहिले, कारण आता कुठे बघायचं ते मला माहीत होतं. तिच्या उजव्या हाताचं बोट माझ्याकडे आलं. डावा हात, पंजा उघडून, वर गेला.

"आई," ती म्हणाली.

"मुय ब्येन," बाई म्हणाल्या. अगदी बरोबर. आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.